कोहळ्यावर पहिला घाव

परवा दुकानात एक बाई आल्या. फुलचूरला माझं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान आहे, आणि दिवाळी संपून लग्नसराई तोंडावर आली की तिथे मला मान वर करायलाही फुरसत नसते. अशा वेळी या बाई माप द्यायला उभ्या राहिल्या, आणि मध्येच पर्समधून एक चकचकीत पाकीट काढून त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. "भाभी, ये खाया करो. पम्पकिन सीड्स. नींद अच्छी आती है, बाल अच्छे रहते हैं, घुटने भी अच्छे रहते हैं." पाकिटात हिरव्या, सोललेल्या, एका मापाच्या बिया. मी चिमूटभर तोंडात टाकल्या. मीठ नाही, करपलेपणा नाही, साल नाही. दातांना काही कामच नाही. "कैसे लगे?" त्यांनी विचारलं. "अच्छे हैं," मी म्हणाले आणि त्यांच्या दंडाभोवतीची टेप जरा जास्तच आवळली.

राग त्या बाईंचा नव्हता. त्या बिचाऱ्या चांगल्या मनानं देत होत्या. पण ज्या बिया काढता, धुता, वाळवता, राखता आणि सोलता आमच्या घरच्या बायकांचे कार्तिक महिने गेले, त्याच बिया अशा सोलून-बिलून पाकिटात बसतात आणि इंग्रजी नाव घेऊन तब्येतीच्या गप्पा मारायला लागतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. शिवाय पाकीट पाहिलं आणि लक्षात आलं, गावी कोहळी कापायचे दिवस आले. म्हणजे मला जावं लागणार. शिवणकामाचा ढीग मशीनपाशी सोडून, आमगाव-देवरी करत, गाड्या बदलत. गेल्या वर्षी याच कोहळ्यांनी मला इतका ताप दिला होता की पुढची कित्येक वर्षं कोहळ्याची भाजी समोर आली नसती तरी मी तक्रार केली नसती.

कोहळं म्हणजे लाल भोपळा. पुण्याकडचे लोक कोहळं म्हटलं की पांढरं, पेठ्याचं समजतात. आमच्याकडे ते लाल. आमचं गाव चिचगडच्या अलीकडे, जंगलाला अगदी लागून आहे. घरामागच्या वाडीत माय दर पावसाळ्यात कोहळ्याचा वेल लावते. वेल मांडवावर चढवायचा म्हणून ती दोऱ्या बांधते, काठ्या रोवते, आणि वेल दर वर्षी मांडव सोडून घराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, जातो. आश्विनात पानं सुकायला लागली की कळतं, छपरावर केवढाली धुडं पसरून बसली आहेत. बाबा होते तेव्हा ते वर चढून ती उतरवायचे, त्यात कवेलू फुटायचे, आणि खालून माय ओरडायची. कोहळं महाग पडलं की कवेलू, यावर दोघांचं भांडण व्हायचं. धान कापायला सगळी माणसं बांधीत गेलेली असायची आणि हे दोघं छपराशी भांडत असायचे.

तर कोहळी उतरली. आता ती कापावीत आणि खावीत, इतकं सोपं काम. पण आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला बाईनं पहिला घाव घालायचा नसतो. गड्यानं एकदा त्यावर विळा चालवला, मग ते म्हणजे नुसती भाजी झाली. मग बाईनं पावशीवर, म्हणजे विळीवर, त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. लहानपणी मी मायला याचं कारण विचारलं होतं.

"कोहळं म्हंजे घरचा मोठा पोरगा व्हय," माय म्हणाली होती. "त्याच्यावर बाईनं कसा घाव घालाचा?"

"मोठी तर मी आहो," मी म्हणाले.

"तू पोरगी."

"मंग कोहळं काऊन पोरगा? पोरगी काऊन नाही?"

"तुया जिभेले काही हाड आहे का?" असं म्हणून तिनं मला पाणी आणायला पाठवलं. पाणी घरात भरलेलं होतं.

पण खरं सांगायचं तर हा नियम त्या काळी कोणाच्या डोक्यावर बसलेला नव्हता. बाबा बांधीत असले आणि कापणीच्या माणसांना भाजी करायची असली, की माय ओसरीवर येऊन रस्त्याकडे पाहायची आणि जो कोणी पुरुष दिसेल त्याला हाक मारायची. एकदा बांगड्यावाला आला. त्यानं पाठीवरचं ओझं खाली ठेवायच्या आधीच मायनं त्याच्या हातात विळा दिला. "भाऊ, याच्यावर घाव घाला जरा." तो बिचारा आधी दचकला, मग कोहळं पाहून हसला, आणि एका दणक्यात त्यानं विळा रोवला. त्याला गूळपाणी मिळालं, आम्हाला भाजी मिळाली, आणि मायनं त्या दिवशी बांगड्यांच्या भावात घासाघीस केली नाही. कोण कुठला, कोणत्या गावचा, काही विचारलं नव्हतं. गडी होता, एवढं पुरलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण गेल्या वर्षी हीच बाई माझ्याशी नियमांवर वाद घालत होती.

कोहळं फुटलं की माझं सगळं लक्ष बियांवर. आत हात घालावा तर गर गार, ओलसर, आणि बिया तंतूंमध्ये घट्ट अडकलेल्या. त्या ओरबाडून काढायच्या, राखेत चोळायच्या, मग पाण्यात सोडायच्या. धुताना त्या बोटांतून अशा सटकतात की दहा धरल्या तर चार अंगणात जातात आणि कोंबड्या टपलेल्याच असतात. धुतलेल्या बिया सुपात पसरून उन्हात ठेवायच्या आणि राखण करत बसायचं. जंगल जवळ, त्यामुळे वांदरं येतात. ती सरळ सूप उलटं करतात आणि उचलून उचलून खातात. मी काठी घेऊन बसायचे आणि मनातल्या मनात कोहळं, वांदरं आणि माय यांना शिव्या घालायचे.

मग भाजणं. बिया चांगल्या खडखडीत वाळल्या की लोखंडी कढई चुलीवर चढायची. विस्तव मंद ठेवायचा. मोठ्या विस्तवावर साल करपते आणि आतला गर कच्चा राहतो. माय उलथन्यानं बिया हलवत राहायची, मध्येच मिठाचं पाणी हातानं शिंपडायची, कढई चरचरायची, आणि पाणी आटून मीठ सालींवर पांढरं बसायचं. थोड्या वेळानं बिया तडतडायला लागायच्या. एखादी उडून चुलीत पडायची आणि तिचा करपट, तेलकट वास घरभर फिरायचा. त्या वासानं बाबा कुठेही असले तरी घरात यायचे. गरम बिया ते मूठभर तोंडात टाकायचे आणि कसं कोण जाणे, तोंडातल्या तोंडात सोलून नुसत्या साली बाहेर काढायचे. मला ते कधीच जमलं नाही. मी एकेक बी पुढच्या दातात उभी धरून कडेनं फोडते. माझा भाऊ विनू लहान होता तेव्हा त्याला तेवढंही जमायचं नाही. तो साल-गर सगळं चावून थू थू करायचा. मग माय सोलून सोलून त्याच्या तळहातावर ठेवायची. तो हात पुढे करून बसायचा आणि ती सोलत राहायची. माझ्या मी सोलायचे. मीठ लागून जीभ चिरायची, तरी माझ्या मीच सोलायचे. तेव्हा वाईट वाटत होतं का, आठवत नाही. आता वाटतं, हे मात्र नक्की.

बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. विनू पुण्याला, एका कंपनीत. माय गावीच, एकटी. धानाची बांधी ठेक्यानं दिली आहे, पण वाडी ती कोणाला हात लावू देत नाही. मी फुलचूरला असल्यानं महिन्यातून दोनदा तरी जाते. तिच्या गोळ्या नेते, गॅसचं सिलिंडर पाहते, तिचे ब्लाऊज शिवून नेते आणि ते तिला घट्ट होतात म्हणून परत आणते. विनू दिवाळीला यायचा, कोहळ्यावर घाव घालायचा, मूठभर बिया खिशात टाकून फिरायचा आणि भाऊबीज झाली की जायचा. असं ठीक चाललं होतं. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, दिवाळीला जमत नाही, पण धान निघायच्या सुमाराला नक्की येतो.

मी दिवाळीनंतर गावी गेले तर ओसरीवर धानाच्या तणसाच्या बिछान्यावर कोहळी ओळीनं बसलेली. एकही कापलेलं नाही. माय वरणभात खाऊन राहिली होती.

"कोहळं काऊन नाही कापलं?" मी विचारलं.

"विनू येऊन राहिला ना."

"तो येईल तेव्हा येईल. एक तर कापून घे. मोतीरामकाकांना बोलाव."

मोतीरामकाका म्हणजे शेजारी. रोज सकाळी चहाला ओसरीवर असतात, तंबाखूचा खर्रा घोटत बसतात, आणि त्यांच्या हातून घाव घालून घ्यायला चहा थांबवावा लागला नसता. पण मायनं तोंड फिरवलं. "घरचा पोरगा असतानी परक्याच्या हातानं कायले?"

मला बांगड्यावाला आठवला, पण मी गिळलं. पुढच्या खेपेला मी मुद्दाम नवऱ्याला बरोबर घेतलं. हे पंचायत समितीत बाबू आहेत, सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडायचं त्यांच्या जिवावर येतं, तरी माझ्या भुणभुणीनं आले. आल्या आल्या मी विळा त्यांच्यापुढे ठेवला. तर माय अशी धावली, जणू मी त्यांना विहिरीत ढकलत होते. "जावयाले घरचं काम सांगत असतात का वं? लोक तोंडात शेण घालतीन." हे आपले खुर्चीवर बसून चहा पीत राहिले. त्यांना ते सोयीचंच होतं. परतताना गाडीत म्हणाले, "तुमच्या घरी कोहळ्याला जेवढा मान आहे, तेवढा मला नाही." मी म्हटलं, मलाही नाही.

आणि तो विनू! फोन केला की "अगं ताई, या आठवड्यात नाही, पुढच्या." पुण्याला गेल्यापासून तो 'अगं' म्हणायला शिकला आहे, आणि तो 'अगं' म्हणाला की मी समजते, काम होणार नाही. त्याचंही सगळं खोटं नव्हतं. रजा मिळत नव्हती, बायकोची तब्येत बरी नव्हती, नव्या फ्लॅटचं काम अडलं होतं. पण मला असं झालं होतं की दिवसभर काजं-बटणं करावीत आणि दर फोनला एका कोहळ्याचा जबाब द्यावा. शेवटी त्याला म्हटलं, "तू येत नाहीस ना, मग फोनवरून तरी घाव घाल." मी चिडून बोलले होते. तो हसत म्हणाला, "चालेल की. व्हिडिओ कॉल कर."

आणि मायला ते पटलं! ज्या बाईला शेजारचा सख्ख्यासारखा माणूस चालला नाही, घरचा जावई चालला नाही, तिला व्हिडिओ कॉल चालला. पण घरात नेटवर्क कुठलं? आमच्या गावात ते पाण्याच्या टाकीपाशी येतं, तेही चौथऱ्यावर उभं राहिलं तर. म्हणून भर दुपारी मी ते भलं मोठं कोहळं कमरेवर घेऊन निघाले, पुढे माय विळा घेऊन. रस्त्यात ज्यानं त्यानं विचारलं, "कुठं चालल्या वं मायलेकी?" माय सांगायची, "विनूच्या हातानं कापाले." लोक मागं येत गेले. टाकीपाशी पोहोचेपर्यंत चांगली वरात झाली.

कोहळं चौथऱ्यावर ठेवलं. माय विळा धरून बाजूला. मी फोन उंच धरून कॉल लावला. विनू ऑफिसच्या कँटीनमध्ये होता. मागं माणसं जेवत होती.

"अगं ताई, आत्ता? बरं बरं, पटकन."

"मले त्याचा आवाज नाही आला," माय म्हणाली. "त्याले म्हण, हात दाखव."

विनूनं इकडेतिकडे पाहिलं, समोरच्या ताटातला चमचा उचलला, हसत हसत हात वर नेला आणि म्हणाला, "हे घे माय, घातला..."

आणि चित्र थांबलं. हात वर, तोंड उघडं, चमचा तसाच. मी फोन इकडे हलवला, तिकडे हलवला, चौथऱ्याच्या कडेवर चढले. विनू तसाच. मग कॉल कटला आणि पुन्हा लागेना.

"झालं, झालं," बाया म्हणाल्या. "घातला म्हणाला ना तो. काप वं आता."

"कुठं झालं?" माय म्हणाली. "हात वरच राहिला त्याचा. खाली कुठं आला?"

मी हात जोडले. मोतीरामकाकांनी समजावलं. कोणीतरी म्हणालं, मनात तर घातलाच असंल. माय ऐकेना. ज्या रस्त्यानं आणलं त्याच रस्त्यानं मी ते कोहळं कमरेवर घेऊन परत आणलं, आणि आता प्रत्येक जण विचारत होता, "का झालं? लागला नाही का घाव?" संध्याकाळी माझी कंबर धरली. फुलचूरला आल्यावर दोन दिवस मशीनवर बसता आलं नाही, आणि एका नवरीचं ब्लाऊज उशिरा गेलं. त्या नवरीच्या आईला मी काय कारण सांगणार होते?

त्यानंतर कोहळी सडायला लागली. एरवी कोहळं उन्हाळ्यापर्यंत टिकतं, पण गेल्या वर्षी मध्येच अवकाळी पाणी पडलं, ओसरीत ओल आली आणि ती बुडापासून मऊ पडत गेली. माय रोज एकेकाला कूस बदलून ठेवायची, खालचं तणस बदलायची. एखाद्या आजाऱ्यापाशी बसावं तशी ती त्यांच्यापाशी बसायची. मी गेले की ओळ कमी झालेली दिसायची.

टाकीपर्यंत फिरून आलेलं ते मोठं कोहळं सगळ्यात शेवटी गेलं. मी तिथेच होते तेव्हा. माशा घोंगावत होत्या, बुडातून पाणी गळत होतं. मायनं आणि मी ते धरून उकिरड्यावर नेलं. खाली टाकलं आणि ते आपणहून फुटलं. आत मधला गर अजून केशरी होता आणि बिया चांगल्या टपोऱ्या. मी मागे वळले, तर माय उकिरड्यावर वाकून त्या बिया वेचत होती.

"माय, घाण आहे ती!"

"बियांले काही होत नाही. अन् हे काही कोणी कापलं नाही. आपल्यानं फुटलं."

त्या तिनं राखेनं दोनदा धुतल्या. तशाही त्यांना आंबूस वास होताच. दुसऱ्या दिवशी उन्हात खडखडीत झाल्यावर संध्याकाळी तिनं कढई चढवली. मी समोर बसले. मीठ चरचरलं, बिया तडतडायला लागल्या, आणि मला राहवलं नाही.

"खरं सांग माय. बांगड्यावाला चालत होता. मोतीरामकाका काऊन नाही चालत?"

माय हलवत राहिली. मग म्हणाली, "मोतीरामनं कापलं असतं तं विनूले ये म्हणाले काय राहिलं असतं?"

इतके दिवस मी तिच्याशी रूढीवर भांडत होते. ती सगळा वेळ दुसऱ्याच गोष्टीला धरून बसली होती. आई आहे, बोलवायला कारण लागत नाही, असं आपण म्हणतो. पण रजेच्या अर्जात काय लिहायचं, आईला भेटावंसं वाटतंय म्हणून? मायनं आपल्या परीनं एक कारण राखून ठेवलं होतं, ओसरीवर, तणसावर. ते बुडापासून सडत होतं तरी ती त्याची कूस बदलत होती. मला फार वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याचाच राग आला.

"अन् मी?" मी म्हणाले. "मी येते ते?"

"तुले कोणी बोलवाले लागते का?" ती म्हणाली. "तू येतेच."

हे तिनं कौतुकानं म्हटलं होतं. मला मात्र ते लागायचं तिथे लागलं. मी कढईतली एक गरम बी उचलली, दातात धरून फोडली. जरा आंबूस, पण चांगली भाजली होती. मायनं सगळ्या बिया डब्यात भरल्या. एकही खाल्ली नाही.

विनू आला तो मे महिन्यात, दोन दिवसांसाठी. उन्हानं घर तापलेलं, वाडीत काडी नाही, आणि हा येऊन विचारतो, "बिया नाहीत का गं या वर्षी?" माझ्या तोंडात शब्द आले होते ते मी कसे आवरले ते माझं मला माहीत. मायनं डबा काढला. इतक्या महिन्यांत त्या बिया खवट झाल्या होत्या. झाकण उघडताच वास आला. विनूनं माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि खायला बसला. आता त्याला सोलता येतं. एकेक सोलून त्यानं डब्यातल्या निम्म्याशिम्म्या संपवल्या आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. रात्रभर त्याचं पोट दुखलं. या पोराचं असंच आहे. धड राग धरू देत नाही.

म्हणून या वर्षी मी तयारीनं गेले. काल दुकान बंद ठेवलं, गिऱ्हाइकांचे फोन घेतले नाहीत, आणि गाडीत बसून मायला काय काय सुनवायचं ते ठरवत गेले. या वर्षी वरात नाही, टाकी नाही, व्हिडिओ कॉल नाही. तिथल्या तिथे एखाद्या गड्याला बोलवायचं आणि विषय संपवायचा. ती नाही म्हणाली तर मीच विळा उचलायचा आणि होऊ दे काय व्हायचं ते. मनातल्या मनात मी इतकी भांडले की देवरीला उतरेपर्यंत दमले होते.

घरी गेले तर माय ओसरीवर बसलेली. समोर गोणपाटावर एकच कोहळं ठेवलेलं, मध्यम आकाराचं, गोल. शेजारी विळा. बाकीची आत होती. मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले. मायनं विळा उचलून माझ्यापुढे केला.

"घे. घाल घाव."

मला वाटलं, ती माझी गंमत करते आहे. "मी?"

"मंग? हातपाय आहेत ना तुले?"

"अन् बाईनं घाव नाही घालाचा ते?"

"काही होत नाही," माय म्हणाली. वर्षभर मी जे तिच्या कानीकपाळी ओरडत होते, ते तिनं भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं सहज सांगून टाकलं.

माझं भांडण तसंच तोंडात राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस ज्याच्यासाठी जीभ झिजवली ते आपणहून हातात आलं होतं. पण मला काही बरं वाटेना. मी विचारलं, "विनूले फोन केला का?"

"केला. उन्हाळ्यात येतो म्हणे."

"मंग थांबू ना थोडे दिवस. फोन लावू दे मले. मी बोलले तं येईन तो."

"कायले?" माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. "त्याले त्याचं काम आहे. नाही येणं होत त्याचं. अन् खाची वस्तू सडवाची कायले?"

"माय, आपण मोतीरामकाकांना..." मी काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. मला काहीही करून तो घाव लांबवायचा होता. गेल्या वर्षी ती हट्टाला पेटली होती तेव्हा मी तिच्यावर चिडले, आणि काल ती हट्ट सोडून बसली तर त्याहून जास्त चिडले. हट्ट होता तोवर काहीतरी शिल्लक होतं. तू सोडू नकोस, असं मला तिला म्हणायचं होतं.

"काप वं," माय म्हणाली. "भूक लागून राहिली."

मी विळा धरला. पाठ टणक होती, पहिल्यांदा विळा घसरला. दुसऱ्यांदा रुतला आणि अडकून बसला, ना पुढे ना मागे. मायनं माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून दाबलं. कोहळं कडकन फुटलं. आत लख्ख केशरी होतं, ओलं, आणि बिया गच्च भरलेल्या. माय खाली सरकली, सूप ओढलं आणि मान खाली घालून बोटांनी बिया काढायला लागली.

तेवढ्यात देवरीवरून येणारी दुपारची गाडी टाकीपाशी थांबली. हॉर्न वाजला. उतरलेल्या माणसांचे आवाज आले. माय बिया काढत राहिली. मीच उठले, हाताला लागलेला गर पदराला पुसला आणि दारात जाऊन रस्त्यानं कोण कोण येतंय ते पाहत उभी राहिले.